वंध्यत्व-चिकित्सेचा खर्च कोणी करावा? : कर्जत-खालापूरचा अनुभव

आपल्या त्रैमासिकातून वंध्यत्व या विषयावर आजवर पुष्कळ लेखन प्रसिद्ध झाले आहे. फलघृताचे पाठ, उत्तरबस्तीचे तंत्र, बीजदुष्टी व आर्तवदुष्टीचे निदान, शतावरी-अश्वगंधेचे अनुभव असे त्याचे स्वरूप असते आणि ते उपयुक्तही असते. प्रस्तुत लेखात चिकित्सेचा विचार थोडा बाजूस ठेवून आम्ही एक निराळा प्रश्न मांडणार आहोत. आपल्या औषधाने गर्भ राहणार नाही असे ज्या दांपत्याबाबत निश्चित झाले, त्याने पुढे जावे कोठे आणि त्या वाटेचा खर्च कोणी करावा? कर्जत व खालापूर या रायगड जिल्ह्याच्या समुद्रापासून दूर असलेल्या दोन तालुक्यांत गेली सुमारे वीस वर्षे व्यवसाय करताना हा प्रश्न आमच्यासमोर वारंवार आला. त्याचे उत्तर बहुतेक वेळा दांपत्याच्या व्याधीपेक्षा त्याच्या पत्त्यावर आणि नोकरीवर ठरलेले आम्ही पाहिले.

एका रुग्णवृत्तापासून आरंभ करतो. त्यात आमची स्वतःची चूक आहे आणि ती वगळून पुढचे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणात कशेळ्याच्या पलीकडील एका वाडीवरून तेवीस वर्षांची एक स्त्री सासूसह आमच्या चिकित्सालयात आली. विवाहास चार वर्षे झाली होती. अंगयष्टी कृश, पांडुता स्पष्ट, आर्तव मात्र नियमित. सासूने एवढेच सांगितले, "दादा, हिच्या पोटी काही राहत नाय. हिला औषध द्या." पती बरोबर नव्हता, तो मजुरीवर गेला होता. दिवाळी उलटली की हे कुटुंब वीटभट्टीवर जाई आणि पावसाच्या तोंडावर परते. म्हणजे चिकित्सा चालायची ती पावसाळ्याच्या चार महिन्यांत. पुढचे औषध पिशवीत बांधून भट्टीवर जायचे.

आम्ही शास्त्राप्रमाणे सर्व केले, असे त्या वेळी आम्हास वाटत होते. पांडुतेची चिकित्सा केली, शोधन केले, ऋतुकालात उत्तरबस्ती दिल्या, फलघृत दिले. पती एकदा-दोनदा आला तेव्हा त्याची नाडी पाहिली आणि अश्वगंधा-कपिकच्छूचे चूर्ण बांधून दिले. शुक्रपरीक्षण सांगितले नाही. का सांगितले नाही, याचा विचार आम्ही नंतर पुष्कळ केला. वाडीपासून प्रयोगशाळा दूर होती, हे खरे. सासूला राग येईल, हेही खरे. परंतु मूळ कारण निराळे होते. पुरुषास तपासणी सांगितली की तो पुन्हा येत नाही आणि पत्नीलाही पाठवत नाही, असा आमचा पूर्वानुभव होता, आणि आम्हास रुग्ण गमवायचा नव्हता. औषधासाठी त्यांनी दोन शेळ्या विकल्या, हे आम्हास फार उशिरा कळले.

तिसऱ्या पावसाळ्यात एकदाचे परीक्षण झाले. अहवालात शुक्राणू शून्य. तीन आठवड्यांनी पुन्हा केले, पुन्हा शून्य. मग आम्ही पूर्वी न विचारलेले प्रश्न विचारले. सतराव्या वर्षी त्यास क्षय झाला होता. सरकारी दवाखान्यातून सहा महिने गोळ्या मिळाल्या, त्या त्याने एकही दिवस न चुकविता घेतल्या आणि तो बरा झाला. त्याच सुमारास वृषणांच्या मागील बाजूस गाठी आल्या होत्या, त्या पुढे बसल्या. मुंबईच्या एका मोठ्या शासकीय रुग्णालयात निदान झाले ते असे की, वृषणांत शुक्राणू तयार होत आहेत, परंतु क्षयाच्या व्रणाने पुढचा मार्ग बंद झाला आहे. शुक्राणू सुईने काढून स्त्रीबीजात प्रत्यक्ष सोडणे, ज्यास इक्सी म्हणतात, हाच उपाय. खर्चाचा आकडा ऐकून ते दोघे त्याच दिवशी कर्जत लोकलने परत आले.

सुश्रुतांनी गर्भोत्पत्तीसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज हे चार घटक सांगितले आहेत, हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. आम्ही अडीच वर्षे क्षेत्राची मशागत करीत राहिलो आणि बीज पाहिलेच नाही.

त्या तरुणाने आम्हास पुढे विचारलेला प्रश्न या लेखाचे निमित्त आहे. तो म्हणाला, "टीबीच्या गोळ्या सरकारनं फुकट दिल्या. त्याच टीबीनं हे झालं म्हणता, मग ह्याला पैसे का?"

योजना कोठून सुरू होतात?

भारताने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ साली सुरू केला. शासकीय पातळीवर असा कार्यक्रम घेणारा हा जगातील पहिला देश. महाराष्ट्राला तर त्याआधीची परंपरा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमन केंद्र काढले होते. ज्यांना मूल नको किंवा इतक्यात नको, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया, तांबी, गोळ्या, निरोध हे सर्व आज वाडीपर्यंत पोहोचते, आणि ते योग्यच आहे. गर्भ राहिला की दुसरी साखळी सुरू होते. २००५ पासून जननी सुरक्षा योजना, २०१७ पासून मातृवंदना योजना, नोंदणी, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, प्रसूतीसाठी रुग्णवाहिका.

या दोन साखळ्यांच्या मधोमध जे दांपत्य उभे आहे, ज्याला मूल हवे आहे आणि राहत नाही, त्याच्यासाठी आमच्या वाड्यांवर काय पोहोचते? आशाताईंना विचारले तर त्या सांगतात की त्याचे नाव जननक्षम जोडप्यांच्या नोंदीत असते, अपत्ये शून्य असे लिहिलेले असते. पुढे काय करावयाचे ते त्यांना कोणी सांगितलेले नाही.

रुग्णालयीन विम्याचा इतिहास रायगडकरांस अभिमानाचा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोग यांसाठी या योजनेने आमच्या भागातील कित्येक घरे कर्जापासून वाचविली. मात्र २०१८ मध्ये आलेल्या आयुष्मान भारत योजनेने ज्या गोष्टी आरंभापासूनच वगळल्या, त्यांत वंध्यत्वासंबंधीचे उपचार आहेत. सौंदर्यशस्त्रक्रियाही त्याच यादीत आहे. शेजार बोलका आहे.

याच शासनव्यवस्थेत दुसरे एक दालन आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी २०११ साली असे ठरले की, मूल नसलेल्या दांपत्यास आयव्हीएफसाठी प्रत्येक उपचारचक्रामागे ६५,००० रुपयांपर्यंत आणि जास्तीत जास्त तीन चक्रांपर्यंत प्रतिपूर्ती मिळावी. वयाची अट, शासकीय तज्ज्ञाची शिफारस वगैरे बंधने आहेत. खोपोलीत राहणारे, केंद्रीय नोकरीतील एक गृहस्थ आमचे जुने रुग्ण. त्यांच्या पत्नीच्या दोन्ही गर्भनलिका बंद होत्या. दुसऱ्या चक्रात त्यांना कन्या झाली. प्रतिपूर्तीत सर्व खर्च निघाला नाही, पण उभे राहता आले. त्यांच्या कन्येच्या बारशास आम्ही गेलो होतो. वाडीवरील तो तरुण आणि हे गृहस्थ यांच्यात पंचवीस-तीस किलोमीटरचे अंतर. कोषातला पैसा दोघांच्याही सरकारचा. मग वंध्यत्व हा उपचारास पात्र व्याधी आहे, हे एका दालनात मान्य आणि दुसऱ्यात अमान्य, असे कसे?

यावर दिले जाणारे उत्तर आम्हास ठाऊक आहे. वंध्यत्वाने कोणी मरत नाही. जेथे प्रसूतितज्ज्ञ व भूलतज्ज्ञ कायम मिळणे कठीण, जेथे बालकांचे कुपोषण अजून संपलेले नाही, तेथे आयव्हीएफची भाषा म्हणजे चैन होय. या युक्तिवादात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. कर्जतमध्ये सरकारने भ्रूणप्रयोगशाळा उभारावी अशी आमची मागणीही नाही. परंतु 'लोकसंख्या आधीच भरमसाट, त्यात हे कशाला' असे जे पुढे जोडले जाते, ते मात्र आता टिकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यास लागणाऱ्या २.१ च्या पुष्कळ खाली. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वास सामोरे जाणाऱ्यांचे प्रमाण साधारण सहांमागे एक असे आहे. श्रीमंत व गरीब देशांत त्यात फारसा फरक नाही. फरक आहे तो उपचार मिळण्यात.

मरत नाही म्हणावे तर वाडीवर या स्थितीस निराळी शिक्षा आहे. बाईला माहेरी पाठवणे, दुसरी करून आणणे, बारशाला न बोलावणे. भगताकडे कोंबडे, मग बकरे. आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अलौकिक शक्तीने मूल देण्याचे आमिष दाखवून स्त्रीचा गैरफायदा घेणे हा गुन्हा स्वतंत्रपणे नोंदविलेला आहे. कायदा करणाऱ्यांस हा बाजार ठाऊक होता, एवढे त्यावरून दिसते.

परळ आणि कर्जत

या विषयातील एक गोष्ट आम्हास फार लागते. भारतातील पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हणून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात जन्मलेल्या, डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून साकारलेल्या 'दुर्गा'चा मान आज मान्य झाला आहे. परंतु शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेला देशातील पहिला जन्म ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळचीच भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची प्रजननविषयक संशोधन संस्था यांचे ते संयुक्त कार्य होते. केईएम हे महानगरपालिकेचे रुग्णालय. म्हणजे हे तंत्र आपल्या राज्यात सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक रुग्णालयात, गिरणगावातील कष्टकऱ्यांच्या वस्तीत प्रथम यशस्वी झाले. आणि तेही मध्य रेल्वेच्या त्या मार्गावर, ज्याचे एक टोक कर्जत-खोपोली आहे.

त्यानंतरच्या चार दशकांत हे तंत्र वाढले, पण मुख्यतः खासगी केंद्रांतून. २००५ मध्ये संशोधन परिषदेने मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान विनियमन कायदा २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाला. केंद्रांची नोंदणी आली, स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ ही वयोमर्यादा आली, बीजदानावर बंधने आली. अनिर्बंध व्यवहारास आळा घालणे आवश्यकच होते. परंतु हा उपचार ज्याला परवडत नाही त्याचे काय, या प्रश्नास कायदा स्पर्श करीत नाही.

परळच्या त्याच संस्थेचा, जिचे आजचे नाव राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था आहे, एक अभ्यास २०२५ मध्ये चर्चेत आला. आयव्हीएफच्या एका चक्रासाठी दांपत्याच्या खिशातून खासगी केंद्रात दोन लाखांहून अधिक आणि सार्वजनिक संस्थेतही एक लाखाहून अधिक रुपये जातात, असे त्यात आढळले. आयुष्मान भारतमध्ये हा उपचार घ्यावयाचा झाल्यास एका चक्रामागे सुमारे ८१ हजार रुपयांचा दर धरता येईल, असेही त्यात सुचविले आहे. पस्तिशीच्या आतील स्त्रीतही एका चक्रात मूल हाती येण्याची शक्यता साधारण तिघींत एकीला, हे ध्यानात घेतले म्हणजे भट्टीवर उचल घेऊन जगणाऱ्या कुटुंबास हे आकडे काय वाटत असतील याची कल्पना येईल.

मुंबईच्या कामा रुग्णालयात राज्य शासनाने अलीकडे आयव्हीएफची सोय उभी केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. आपल्या शेजारी गोव्याने तर २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हा उपचार विनामूल्य सुरू केला. सिंधुदुर्गातील आमचे वैद्यमित्र यावर खेदाने हसतात. सावंतवाडी-बांद्याचा रुग्ण पिढ्यान् पिढ्या बांबोळीस जात आला. २०१८ पासून तेथे गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले. बोली एक, सोयरीक एक, पण तेरेखोलच्या कोणत्या काठावर घर आहे यावर उपचाराचा हक्क ठरतो.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडमध्ये २००४ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने चाळिशीच्या आतील स्त्रीस तीन चक्रांपर्यंत सरकारी खर्चाने उपचार द्यावेत असे सुचविले. परंतु निर्णय स्थानिक मंडळांकडे राहिल्याने कोठे तीन, कोठे एक, असा प्रकार तेथे चालू आहे. उलट इस्रायलमध्ये दोन अपत्ये होईपर्यंत स्त्रीच्या ४५ व्या वर्षापर्यंत खर्च सार्वजनिक व्यवस्था उचलते. त्या देशाची कारणे निराळी आहेत, तो आपला आदर्श व्हावा असे नाही. तथापि सार्वजनिक खर्चाने हे करता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

विनामूल्य उपचाराचा खर्च

समजा, उद्या मुंबईत सर्व काही विनामूल्य झाले. खांडसकडील किंवा इर्शाळगडाच्या परिसरातील दांपत्यास त्याचा लाभ कसा होईल, याचा हिशोब आम्ही दोन-तीन जोडप्यांसह बसून मांडला. बीजवाढीची इंजेक्शने साधारण दहा ते बारा दिवस, त्या काळात तीन-चार वेळा सोनोग्राफी, मग बीज काढण्याचा दिवस, मग भ्रूण सोडण्याचा दिवस. पूर्वतपासण्यांच्या खेपा वेगळ्या. वाडीवरून पायी रस्त्यावर, तेथून सहा आसनी गाडीने किंवा एसटीने कर्जत, तेथून लोकलने दोन तास. खालापूरकडून खोपोली लोकल, तिच्या फेऱ्या मोजक्या. लोकलचे तिकीट स्वस्त आहे. बुडणारी मजुरी दोघांची आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असेल तर भट्टी सोडून महिनाभर मुंबईस जा-ये करणे जवळजवळ अशक्य.

यांतील काही इंजेक्शने शीतपेटीत ठेवावी लागतात. ज्या घरात वीज येते-जाते आणि शीतपेटी नाही, तेथे ती ठेवावी कोठे? आमच्या परिचयाच्या एका औषध विक्रेत्याने कडाव परिसरातील एका रुग्णेची इंजेक्शने बारा दिवस स्वतःच्या दुकानातील शीतपेटीत ठेवली आणि दुकानाच्या वेळेआधी, सकाळी सहाला, शटर उघडून दिली. त्यास याबद्दल काही विशेष केले असे वाटत नव्हते. आमच्या वाचकांत औषध विक्रेते पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम नोंदवितो.

कागदपत्रांचा अडसर तर त्याहून आधी उभा राहतो. कायद्यातील दांपत्य म्हणजे विवाहित दांपत्य. आमच्या पाहण्यातील कातकरी वाड्यांवर विवाहनोंदणी अपवादानेच आढळते; जन्मतारखेचा पुरावा असला तर आधारकार्डावरचा, तोही अंदाजे लिहिलेला. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक. त्यांच्यासाठी २०२३ पासून केंद्राचे जनमन अभियान आहे. घरे, रस्ते, दाखले यांवर त्याचा भर आहे. दाखल्यांचे काम झाले तर या वाटेवरील एक धोंडा तरी हलेल.

आपला वाटा

आतापर्यंत शासनाविषयी लिहिले. आता आपणाविषयी.

आमच्या तालुक्यांत मूल होत नाही म्हणून दांपत्य प्रथम जाते ते भगताकडे किंवा वैद्याकडे. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे ते पोहोचते तेव्हा तीन-चार वर्षे सरलेली असतात. ही वर्षे आपल्या दारात सरतात. अनियमित आर्तव, स्थौल्यजन्य बीजग्रंथींचे विकार, मनस्ताप, अल्प प्रमाणातील शुक्रदोष यांत आपल्या चिकित्सेने आलेला गुण आम्ही स्वतः पाहिला आहे आणि ती चिकित्सा आम्ही सोडलेली नाही. वंध्या नसलेली स्त्रीही योनिदोषाने, मनस्तापाने, शुक्र व आर्तव यांच्या दोषाने, आहारविहाराने, अकाली संयोगाने किंवा बलक्षयाने उशिरा गर्भ धारण करते, असा चरकांच्या शारीरस्थानातील आशय आहे. या यादीत पुरुषाचे शुक्र आहे, हे आपण वाचतो आणि विसरतो. वंध्यत्वाच्या निम्म्याच्या आसपास प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, असे आधुनिक वैद्यकही सांगते.

शुक्रवह स्रोतसाच्या दुष्टिहेतूंत शस्त्र, क्षार आणि अग्नी येतात. तेथील संदर्भ त्या त्या कर्माचा आहे, वीटभट्टीचा नव्हे, हे आम्ही जाणतो. श्लोक ताणून आजचे शोध त्यात बसविण्याची आवड आम्हास नाही. तरीही भट्टीच्या धगीसमोर सात-आठ महिने उभ्या राहणाऱ्या पुरुषाचे शुक्रपरीक्षण करताना ते शब्द आठवल्याशिवाय राहत नाहीत. वृषणांस सतत उष्णता लागल्यास शुक्राणूंची संख्या घटते, हे तर सर्वमान्यच आहे. कोळशाच्या भट्टीवरील दोन तरुणांना आम्ही एक हंगाम दुसरे काम पाहण्यास सांगितले होते. एकास ते मिळाले.

आणि विक्रीचा भाग. अपत्यप्राप्तीची हमी देणारी पाकिटे आमच्याही बाजारपेठेत मिळतात. १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय कायद्याच्या परिशिष्टात स्त्रियांचे वंध्यत्व समाविष्ट आहे. त्यावरील औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. 'मुलगाच होण्याचे' औषध मागणारे गिऱ्हाईक प्रत्येक दुकानदारास ठाऊक आहे. त्याला नाही म्हणणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत आणि न म्हणणारेही. वाडीवरच्या बाईच्या दोन शेळ्या ज्या व्यवहारात गेल्या, त्यात आमचा औषधाचा दर होता. पाकिटवाल्यांस नावे ठेवताना तो आम्हास आठवतो.

त्या प्रकरणानंतर आम्ही आमच्या पद्धतीत बदल केला. वंध्यत्वाच्या रुग्णपत्रकावर आता दोन नावे असतात. शुक्रपरीक्षणाचा अहवाल येईपर्यंत स्त्रीस पांडुतेखेरीज अन्य औषध देत नाही. क्षयाचा पूर्वेतिहास दोघांसही विचारतो. स्त्रीच्या गर्भाशय-नलिकांचा क्षय पुष्कळदा खोकला-ताप न देता येतो आणि नलिका बंद करून जातो. आपल्या देशात नलिकावरोधाचे ते मोठे कारण आहे. संशय आला तर क्षय केंद्राकडे पाठवितो, कारण ती चिकित्सा विनामूल्य आहे आणि वेळेत झाली तर पुढचा दोन लाखांचा प्रश्न उद्भवतच नाही. पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात आमची चिकित्सा थांबविण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहितो. स्त्री पस्तिशीच्या पुढची असेल तर ती तारीख सहा महिन्यांपलीकडे जात नाही. यामुळे काही रुग्ण गेले. पुरुष रागावून उठून गेल्याचे प्रसंगही घडले. पण जे थांबले त्यांत एकाचा दोष साध्या नीलाविकाराचा निघाला, शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे त्यांना आमच्या औषधाचीही गरज पडली नाही.

संघटनेने काय करावे, याविषयी आमची सूचना मोठी नाही. उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत शुक्रपरीक्षण नियमित व्हावे. त्यास सूक्ष्मदर्शक आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो. क्षयासाठी थुंकी तपासणारा सूक्ष्मदर्शक वर्षानुवर्षे आपल्या सरकारी दवाखान्यांत आहे. क्ष-किरण यंत्र जेथे आहे तेथे स्त्रीरोगतज्ज्ञाने महिन्यातून एक दिवस गर्भनलिकांची तपासणी करावी. आज आमचे रुग्ण या दोन्ही तपासण्या खासगीत करतात. पहिलीस काहीशे आणि दुसरीस काही हजार रुपये जातात, आणि पुष्कळांची वाट आयव्हीएफच्या फार अलीकडे, या काही हजारांवरच संपते. आपले अनेक पदवीधर बंधू-भगिनी या रुग्णालयांत आयुष अधिकारी म्हणून आणि उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करीत आहेत. ही मागणी आतूनही करता येईल. उपचारचक्राच्या खर्चाचे निवेदन राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे द्यावयाचे, तर परळच्या अभ्यासातील दर हाताशी आहे. आम्ही त्याचा मसुदा तालुका शाखेच्या मागील बैठकीत ठेवला. एका ज्येष्ठ वैद्यांनी विचारले की, दुसऱ्या शास्त्राच्या उपचारासाठी आपण का भांडावे? मसुदा पुढच्या बैठकीपर्यंत स्थगित आहे.

त्या तरुणाविषयी सांगावयाचे राहिले. मुंबईहून परतल्यावर तो आठवडाभराने एकटाच आमच्याकडे आला. रुग्णालयाचा कागद इंग्रजीत होता. त्यात लिहिले आहे ते आमच्या कागदावर मराठीत लिहून द्यावे, अशी त्याने विनंती केली. कशासाठी, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "आईला वाचून दाखवायचंय. आणि मामालाही. सोडचिठ्ठीचं बोलणं चाललंय." आम्ही लिहून दिले : पत्नीच्या तपासण्यांत दोष आढळला नाही, दोष पतीच्या शुक्रमार्गात असून तो पूर्वीच्या क्षयामुळे आहे, यात कोणाचाही अपराध नाही. त्याने कागदाची घडी केली, मग पुन्हा उघडून आमचा शिक्का कोठे आहे ते पाहिले, आणि शिक्का नीट उमटला नव्हता म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला.